ढगोबाचं मूळ

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल. मुळात मी खोटं कधी लिहीतच नाही.

तीस तारखेला रिटायर. एकोणतीस वर्षं कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये काढली. कुठलीही फाइल मागा, अडीच मिनिटांत हजर. मी गेल्यावर मागे काय राहणार? फायली. त्याही आता स्कॅन करून फेकणार आहेत म्हणे.

पण कॅन्टीनचा फळा राहील. गेल्या वर्षी हिने डबा बंद केला (एकोणतीस वर्षं दिला, पुरे झालं, असं तिचं म्हणणं), तेव्हापासून मी कॅन्टीनमध्ये जेवतो आणि अक्षर चांगलं म्हणून रोजचा मेन्यूही मीच लिहितो. कॅन्टीन मॅनेजरने कबूल केलंय: फळ्याचा उजवा कोपरा महिनाभर माझा. त्यात रोज खाण्यापिण्यातल्या एका शब्दाचं मूळ लिहायचं. लोकांनी वाचलं, तर तीस तारखेला त्या कोपऱ्याला ऑइलपेंटची चौकट आणि वर माझं नाव, कायमचं. नाही वाचलं, तर तिथे ‘ट्रे जागेवर ठेवा’ असं रंगवणार.

म्हणजे तीस दिवसांत ठरणार, मी राहतो की ट्रे.

संकल्प: रोज एक शब्द. कोणाशी वाद नाही. मुलीला विचारायचं नाही. (ती युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकते, दोन वर्षं झाली. मी मराठी बोलतोय त्याला अठ्ठावन्न झाली.)

२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी
सुरुवात जोरात. लिहिलं: ‘सूप: मुळात धान्य पाखडायचं सूप. भाज्या पाखडून पाखडून शेवटी पातेल्यात जे उरतं ते.’

आचाऱ्याने वाचलं आणि डाव आपटला. खरं बोललं की झोंबतं.

वाचक: आचारी. शिवाय भांडी घासणाऱ्या मावशी. संध्याकाळी फळा त्याच पुसतात, पुसता पुसता वाचतात. त्यांना धरायचं की नाही, अजून ठरवलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
कौतुक होईल म्हणून फॅमिली ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकला. हिने अंगठा पाठवला. मुलीने निबंध पाठवला. सूप म्हणे फ्रेंचांकडून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आलं. संस्कृतातही सूप नावाचं पातळ कालवण आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. चेहरा सारखा दिसला म्हणून कोणालाही मामा म्हणू नये, असंही वर ऐकवलंन.

उत्तर म्हणून फळ्यावर लिहिलं: ‘बटाटा: मुळात बट्टा. सगळ्या भाज्यांत मिसळून त्यांच्या नावाला बट्टा लावतो तो.’

अर्ध्या तासात मेसेज. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांनी तो लांबच्या बेटांवरच्या लोकांकडून उचलला. आणि खाली: बाबा, अंदाज लिहू नको, पुरावा शोध.

पुरावा! आयुष्यभर पुरावे सांभाळले मी. मला पुरावा शिकवते.

६ सप्टेंबर, शनिवार. रात्री ९.१५
मोठा शोध!

काउंटरला माझ्यापुढे उभ्या असलेल्या पॅकिंगवाल्याने सांगितलं, “दोन ढगोबा, एक भात.” आणि काउंटरवाल्याने निमूटपणे दोन वाट्या सूप दिलं. म्हणजे इथे सूपला ढगोबा म्हणतात! घरातले दोन्ही शब्दकोश पाहिले. एकातही नाही. छापील कोशात नसलेला जिवंत शब्द, आणि तो माझ्या हाती लागला.

काउंटरवाल्याला विचारलं, ढगोबा का? तो म्हणाला, असंच म्हणतात. आणि खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. बराच वेळ वर आलाच नाही. अडाणी माणूस हसून वेळ मारून नेतो, तो प्रकार.

ठरलं. हा शब्द मी सोडवणार. चौकटीवर माझं नाव या शब्दानेच चढेल.

९ सप्टेंबर, मंगळवार
आजच्या प्रकाराची माझी बाजू लिहून ठेवतो, कारण दुसरी बाजू मॅनेजरने लेखी दिली आहे.

आजचा शब्द होता अननस. ‘ज्यात नस नाही तो फळांतला राजा.’ ठळक अक्षरात लिहिलं, कारण मेन्यूच्या अक्षरांत माझं लेखन बुडतं. दुसऱ्या शिफ्टचे साठ-सत्तर लोक आले, त्यांनी तेवढंच वाचलं आणि अननस मागायला लागले. काउंटरवाला म्हणाला, नाही. ते म्हणाले, फळ्यावर आहे. काउंटरवाला म्हणाला, ते फळ्यावरच आहे. कोणीतरी म्हणालं, पहिल्या शिफ्टने संपवला. त्यावरून पहिल्या शिफ्टमधले जे चहा पीत बसले होते त्यांच्याशी बाचाबाची. एक बाक मोडला. बाक आधीच डुगडुगत होता.

मी मध्ये पडून शब्द दक्षिण अमेरिकेतून आला असण्याची शक्यताही समजावून सांगितली. (मुलीचं म्हणणं, उदार मनाने दिलं.) त्याने लोक जास्तच चिडले.

मुळात यात माझी चूक काय? इतक्या दिवसांत पहिल्यांदा सत्तर लोकांनी फळा वाचला.

१० सप्टेंबर, बुधवार
मॅनेजरची अट: कोपऱ्यात आधी ‘हा मेन्यू नाही’ असं लिहायचं, मग पुढचं. आणखी एक तक्रार आली तर कोपरा बंद.

लिहिलं. बारीक अक्षरात.

आजचा शब्द बिस्किट. मुलीचं म्हणणं, मुळात अर्थ ‘दोनदा भाजलेलं’. एकदाच तिचं घेतलं, कारण मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आचारी फळ्यापाशी थांबून म्हणाला, आमच्याकडे येतात ती एकदा तरी भाजतात का, ते विचारा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
ढगोबा संशोधन जोरात. निरीक्षणं तारखेनिशी टिपतोय.

काल मी कॅन्टीनच्या दारातून शिरलो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, “आला रे ढगोबा!” मी काउंटरकडे पाहिलं. सूप आलेलं होतंच.

आज मी काउंटरवाल्याला कोबीचं मूळ सांगत होतो. मागच्या रांगेतून आवाज आला, “आज ढगोबा लांबणार.” खरंच लांबलं. मी जागेवर जाईपर्यंत कोणालाच सूप मिळालं नाही.

यावरून दिसतं की या लोकांचं सूपावर किती बारीक लक्ष असतं.

१४ सप्टेंबर, रविवार
घरी. हिने सकाळी माझे कागद बघून विचारलं, हा ढगोबा कोण? कोण नव्हे, काय, असं मी दुरुस्त केलं. मग तासभर सगळं समजावलं. ती ऐकत होती. निदान गॅस बंद करून उभी होती. शेवटी म्हणाली, चहा गार झाला. आणि आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला. फोनवर असावी.

मुलीचा मेसेज: मीठ हा शब्द ‘मिष्ट’वरून आला, म्हणजे मुळात गोड, रुचकर. मीठ म्हणजे गोड! थट्टेलाही काही मर्यादा असते. हे फळ्यावर लिहिलं असतं तर लोकांनी दुसरा बाक मोडला असता. उद्या ‘माती’वरून आलं असं लिहीन. मिठाशिवाय अन्नाची माती होते. हे कोणालाही पटेल.

१७ सप्टेंबर, बुधवार
थेट मैदानात उतरलो. फळ्यावर लिहिलं: ‘ढगोबा या शब्दाचं मूळ कोणाला ठाऊक असल्यास चिठ्ठी लिहून खालच्या खोक्यात टाकावी. प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवली जाईल.’

परिणाम बघण्यासारखा. फळ्यापुढे गर्दी! लोक वाचतायत, एकमेकांना हात धरून आणून दाखवतायत, काहींच्या डोळ्यांत पाणी. पेंट शॉपमधला एक जण तर खाली बसला. मॅनेजर बाहेर आला, गर्दी पाहिली आणि मला म्हणाला, हे मात्र लोक वाचतायत हं.

हिला सांगितलं, चौकट झालीच समज.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
एकूण एक्केचाळीस चिठ्ठ्या. सहीची एकही नाही. क्रमांक घालून फाइल केल्या.

क्र. ४: ढगोबा एकदा सुरू झाला की थांबत नाही. (उकळी.)
क्र. ११: ढगोबाजवळ उभं राहिलं की आपलं जेवण गार होतं. (वाफ? उलटं व्हायला हवं. तपासणे.)
क्र. २३: ढगोबा तिसऱ्या मजल्यावरून येतो. (चूक. स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे. पण मुळात फार पूर्वी वर असेल. जुने नकाशे काढणे.)
क्र. ३८: गडगडाट फार, पाऊस नाही. (काव्य. बाद.)

सिद्धांत तयार आहे. ‘ढग’, कारण वाफ ढगासारखी वर जाते. ‘ओबा’ हा आदराने जोडतात तो प्रत्यय. म्हणजे इथल्या लोकांना या सूपाबद्दल आदर आहे. चव बघता नवल आहे, पण संशोधकाने आवडनिवड मध्ये आणू नये.

२२ सप्टेंबर, सोमवार
मुलीला फोन केला. म्हटलं, पुरावा पुरावा करतेस ना, बुधवारी जेवायला कॅन्टीनमध्ये ये. एक्केचाळीस लेखी पुरावे दाखवतो. तुझ्या सरांकडे असतील का इतके?

येते म्हणाली. फाइल नव्या कव्हरात घातली.

२४ सप्टेंबर, बुधवार
मुलगी आली. आम्ही दोघं दारातून शिरलो, तेवढ्यात रोजच्यासारखी आरोळी उठली. मी अभिमानाने तिला म्हटलं, ऐकलंस? शब्द किती रुळलाय बघ. तिने काउंटरकडे बघितलं नाही. सूप तेव्हा यायचं होतं. तिने टेबलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

जेवताना तिने फाइल पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत वाचली. एकदाही हसली नाही, एकही चूक काढली नाही. हे तिच्या स्वभावात नाही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, बाबा, हा शब्द सोडून दे ना. साखर घे. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, किती छान आहे बघ. मी सगळे पुरावे देते.

मी हात काढून घेतला. दोन वर्षं पुस्तकं वाचून जे जमलं नाही, ते बापाने महिन्यात केलं. वाईट वाटणारच.

जाताना ती त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून काहीतरी बोलली. टेबल एकदम गप्प झालं. काय बोललीस विचारलं, तर म्हणाली, मीठ मागितलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.००
निष्कर्ष फळ्यावर चढवण्याआधी पद्धत म्हणून आचाऱ्याला सरळ विचारलं: ढगोबा म्हणजे नक्की काय?

त्याने गॅस बारीक केला. हात पुसले. म्हणाला, साहेब, रागावू नका. ढगोबा म्हणजे तुम्ही.

२५ सप्टेंबर. संध्याकाळी
काही लिहायचं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
रजा. कारण: पोट.

हिला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही, वाईट लोक आहेत मेले, म्हणाली. मग जरा वेळाने विचारलंन, पण नाव ढगोबाच का ठेवलं? सांगितलं. तेव्हा मात्र पदर तोंडाला लावून आत गेली. चौदा तारखेच्या रविवारी फोनवर नव्हती तर.

एक्केचाळीस चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. सगळ्या बरोबर आहेत. क्रमांक २३ सुद्धा.

एकोणतीस वर्षं कोणाला माझं नाव नीट ठाऊक नव्हतं, ‘रेकॉर्डवाले’ म्हणायचे. आणि ठेवलं तर हे ठेवलं. फार लागलं. इथे लिहायला हरकत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ५.५०
झोप झाली आणि डोकं साफ झालं.

मुळात विचार करा. नेहमी माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्याचं नावही जातं. इथे माझ्यावरून एका पदार्थाला नाव पडलंय! मी रिटायर झालो तरी रोज दुपारी शंभर माणसं काउंटरला माझं नाव घेऊन वाटी पुढे करणार. हे साहेबांपैकी कोणाला जमलंय? एमडींच्या नावाने साधी चटणी तरी आहे का?

हसू देत. हत्ती चालतो, कुत्री भुंकतात.

दुपारी १.३०
चढवलं! पूर्ण कोपरा भरून: ‘ढगोबा: कॅन्टीनमधील सूप. मूळ: प्रस्तुत फळालेखक.’ आणि त्याखाली सही.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक जण उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. आचारी डाव हातात घेऊन बाहेर आला. मी हात वर केला आणि दोन शब्द बोललो. साधारण पंचवीस मिनिटं. सूप गार झालं, पण आज कोणी तक्रार केली नाही.

मॅनेजर म्हणाला, लोकांची इच्छा आहे, तर चौकट करूया. वर ‘ढगोबाचा कोपरा’ असं लिहू. सोमवारी संध्याकाळी पेंटर येईल, तोवर कोपरा पुसायचा नाही.

मुलीला मेसेज: पुरावा मिळाला. मी स्वतःच पुरावा आहे. तिचं उत्तर: बाबा, ग्रेट आहेस तू. पण आधी कोण, सूप की तू, ते तपासलंस का?

काही लोकांना आनंद बघवत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ५.४५
लिहावं की नाही, अर्धा तास विचार केला.

पेंटर चौकट रंगवत होता, मी उभा राहून अक्षरांची उंची सांगत होतो. मावशी फळा पुसायला आल्या. कोपरा वाचून म्हणाल्या, साहेब, एक बोलू का? सूप तुमच्या आधीचं आहे.

मी हसलो. म्हटलं, मावशी, पुरावा?

त्या आत गेल्या आणि सूपाचं मोठं पातेलं घेऊन आल्या, ओलंच. उपडं केलं. बुडाला, जिथे घासणाऱ्याशिवाय कोणाची नजर जात नाही तिथे, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: ढगोबा. खाली साल. मी नोकरीला लागलो त्याच्या पाच वर्षं आधीचं.

मावशी म्हणाल्या, त्या आल्या तेव्हापासून सूपाला ढगोबाच म्हणतात. वाफ फार, आत काही नाही, म्हणून. गेल्या वर्षी मी खाली जेवायला यायला लागलो, आणि आठवड्याभरात मलाही तेच म्हणायला लागले. त्यांनी इतके दिवस का सांगितलं नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही चिठ्ठी लिहा म्हणालात, बोला असं कुठे म्हणालात? आणि तुम्ही बोलत असताना मध्ये जागाच सापडत नाही.

एकोणतीस वर्षं कागद तपासले. असला चोख पुरावा कधी हातात आला नव्हता. तारीख आहे, जागा आहे, खाडाखोड नाही.

पातेल्यावरून माझं नाव पडलं. माझ्यावरून कशाचंच नाही.

पेंटरने विचारलं, साहेब, ‘मूळ’ची ओळ पण पेंटमध्ये करू का? खडूवर किती दिवस राहणार? मावशी पातेलं धरून उभ्या होत्या. त्या कोणाला सांगणार नव्हत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

म्हटलं, उद्या सांगतो.

३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.००
ठरलं. महिनाभर जे लिहिलं त्यातलं काय खरं होतं, ते मला ठाऊक आहे. बिस्किट. तेही मुलीचं. शेवटच्या दिवशी एक तरी शब्द बरोबर लिहीन. आज सगळ्यांसमोर माझी सही माझ्या हाताने पुसणार आणि खरं मूळ चढवणार, सालासकट. हसायचं त्यांनी हसावं. ढगोबा घाबरत नाही.

मुलीला फोन केला. सालाचा पुरावा वाचून दाखवला. तिने साल पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, बाबा, ही तुझी पहिली खरी नोंद. आवाज जरा वेगळा होता तिचा. दुपारी येते म्हणाली, पण प्रॅक्टिकल आहे, जमेलच असं नाही.

दुपारी २.४०
पावणेएकला फळ्यापाशी गेलो. चौकट वाळली होती. सही पुसली. सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं:

‘ढगोबा: १. कॅन्टीनमधील सूप. पातेल्याच्या बुडावर सालासह नोंद. २. (त्यावरून) प्रस्तुत फळालेखक. आधीची नोंद चुकीची होती.’

मागे वळलो. छाती पुढे. होऊन जाऊ दे म्हटलं.

फळ्यापुढे कोणी नव्हतं. माझ्या निरोपासाठी मॅनेजरने गुपचूप अननस आणवला होता. खराखुरा, काप करून, चार परातींत. नऊ तारखेची भरपाई, असं म्हणाला. दोन्ही शिफ्ट काउंटरला. कोपऱ्यातलं टेबल रिकामं. मी खाकरलो, दोनदा. शेवटी मोठ्याने म्हणालो, मुळात… पण परातींचा आवाज इतका होता की माझं मलाच ऐकू आलं नाही.

मुलीला जमलं नाही यायला. फळ्याचा फोटो पाठवलाय. मावशी संध्याकाळी पुसताना वाचतील. त्यांना धरायचं, असं ठरवलं.

ट्रे घेऊन रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा अननस संपला होता. म्हटलं, असू दे, एक ढगोबा द्या. तोंडाने हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला. काउंटरवाल्याने पातेलं तिरकं केलं, डाव तळाशी फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, संपला.